संत नामदेव : पंढरपूर ते घुमान

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ज्ञानेश्वरांच्या चरित्राचा अभ्यास करताना नामदेवांचे नाव तुमच्या वाचनात अनेकदा आले असेल. किंबहुना ज्ञानेश्वरांविषयी आपल्याला जे चरित्रात्मक तपशील ठाऊक आहेत, त्यांचा मोठा भाग नामदेवांच्या नावावर असलेल्या आदि, तीर्थावळी आणि समाधी या तीन प्रकरणांतूनच आपल्यापर्यंत पोहोचला आहे. मराठीतील आद्य चरित्रकारांत ज्यांची गणना होते, त्यांचे स्वतःचे चरित्र मात्र सरळ रेषेत सांगता येत नाही. त्यांच्या स्मृती दोन भाषांत, दोन लिप्यांत आणि दोन उपासनापद्धतींत विखुरल्या आहेत. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला पंढरपूरचे नामदेव परिचित असतात. पंजाबातल्या विद्यार्थ्याला भगत नामदेव ठाऊक असतात. ही एकाच माणसाची दोन रूपे कशी, हा प्रश्न मनात ठेवून तुम्ही पुढील मजकूर वाचावा.

घर, व्यवसाय आणि विठ्ठल

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. जन्मस्थान म्हणून आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी बामणी या गावाचे नाव घेतले जाते. काही अभ्यासक पंढरपूरच्या बाजूने कौल देतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, महादा, गोंदा आणि विठा हे चार पुत्र. याच घरात दासी म्हणून राहिलेली जनाबाई पुढे मराठीतील थोर कवयित्री ठरली. घराण्याचा व्यवसाय शिंप्याचा. पंजाबी परंपरा त्यांना छींबा किंवा छीपा, म्हणजे कापडावर छपाई करणाऱ्यांच्या जातीचा मानते. कापड दोन्हीकडे आहे आणि वर्णव्यवस्थेतील खालचे स्थानही दोन्हीकडे आहे, हे लक्षात असू द्या.

बाल नामदेवाच्या हातचा नैवेद्य देवाने प्रत्यक्ष खाल्ला, ही कथा तुम्ही लहानपणीच ऐकली असेल. तिची सत्यासत्यता पडताळणे हा आपला विषय नाही. कथा काय सुचवते ते पाहा. पंढरपूरची मूर्ती विटेवर उभी आहे, तिचे दोन्ही हात कटीवर आहेत. ती कोणाला मारायला निघालेली नाही, कोणाला वर देण्यासाठी तिचा हात उंचावलेला नाही. ती थांबलेली आहे. अशा देवाशी भांडता येते, रुसता येते, त्याला आई म्हणता येते. नामदेवांच्या गाथेतील कितीतरी अभंग असे हट्टाचे आणि लडिवाळपणाचे आहेत.

या मूर्तीविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. विठ्ठल हा वैष्णवांचा देव. पण त्याच्या मस्तकावर शिव आहे, अशी संतांची श्रद्धा आहे. काही संतरचनांत त्याला बौद्ध अवतार म्हटलेले आढळते. दशावतारांच्या काही मराठी चित्रांत तर नवव्या स्थानी, बुद्धाच्या जागी, विठ्ठलच उभा असतो. जैनांनीही या मूर्तीवर आपला वारसा सांगितला आहे. रा. चिं. ढेरे यांनी आपल्या विठ्ठलविषयक ग्रंथाला महासमन्वय हे नाव दिले, ते उगाच नव्हे. तेव्हा नामदेव ज्या देवाला घट्ट धरून होते, तो मुळातच एका चौकटीत मावणारा नव्हता.

कच्चे मडके

नामदेवांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग तेर येथे, गोरा कुंभारांच्या घरी घडला असे परंपरा सांगते. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने गोरोबांना विचारले की, या मडक्यांपैकी पक्की किती आणि कच्ची किती? गोरोबांनी थापटणे उचलले आणि ते एकेकाच्या डोक्यावर मारत चालले. बाकीचे शांत राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला, आणि हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा गोरोबांनी दिला.

हा प्रसंग विनोदी म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. ज्याच्या हातचे देव जेवतो, ज्याला देवाच्या सख्यत्वाचा अधिकार सर्वांनी मान्य केला आहे, त्यालाच भर सभेत सांगितले गेले की, तुला देव अजून कळलेला नाही. नामदेव तक्रार घेऊन विठ्ठलाकडे धावले. विठ्ठलाने संतांचीच बाजू घेतली आणि गुरू करण्यास सांगितले. ज्या मूर्तीवर सारा विश्वास, तिनेच आपल्यापासून दूर जायला सांगावे, याहून मोठी कसोटी भक्ताची कोणती?

गुरू भेटले ते विसोबा खेचर, औंढा नागनाथ येथे. नामदेव देवळात शिरले तेव्हा एक वृद्ध गृहस्थ शिवलिंगावर पाय ठेवून निवांत पहुडले होते. संतापलेल्या नामदेवांनी त्यांना पाय काढण्यास सांगितले. जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सुचवले. नामदेव पाय उचलून नेतील तेथे पिंडी प्रकट होऊ लागली.

या कथेकडे चिन्हशास्त्राच्या दृष्टीने पाहा. वैष्णव भक्ताला उपदेश मिळतो तो शिवमंदिरात. उपदेश शब्दांतून होत नाही, एका पवित्र चिन्हाच्या कथित विटंबनेतून होतो. शिवाय पिंडी नाहीशी होत नाही, ती सर्वत्र होते. म्हणजे चिन्ह नाकारलेले नाही, त्याची सीमा पुसलेली आहे. पुढे पंजाबात जे नामदेव भेटतात, त्यांचे बीज मला या प्रसंगात दिसते. सगुण नामदेव महाराष्ट्राचे आणि निर्गुण नामदेव उत्तरेचे, अशी वाटणी काही पाठ्यपुस्तके करतात. परीक्षेत ती लिहायला सोयीची असली, तरी ती फार काळ टिकत नाही.

याच औंढा नागनाथाशी दुसरी कथा निगडित आहे. कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना पुजाऱ्यांनी जातीवरून हाकलले, ते देवळाच्या मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले, आणि मंदिरच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. मराठी परंपरेत ही कथा देवाच्या भक्तवात्सल्याची म्हणून येते. गुरुमुखीत जतन झालेल्या पदातही देऊळ फिरते, परंतु तेथे हाकलले गेल्याचे दुःख आणि आपल्याला छीप्याचा जन्म का दिला हा प्रश्न अधिक उघडपणे समोर येतो. मराठी कीर्तनकाराच्या सांगण्यात चमत्कार पुढे येतो आणि अपमान मागे पडतो. असे का होत असावे, याचा तुम्ही स्वतः विचार करा.

ज्ञानेश्वरांची सोबत आणि नंतर

नामदेव ज्ञानेश्वरांपेक्षा वयाने पाच वर्षांनी मोठे होते. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली, तिचे वर्णन तीर्थावळीत येते. इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते. समाधी प्रकरणातील शोक हा मराठी कवितेतील सर्वांत खोल शोकांपैकी एक आहे. तो मूळ गाथेतूनच वाचावा. याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि पुढील दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. मित्र गेला आणि आपल्या भाषेला आश्रय देणारी राजसत्ताही गेली, अशा काळात नामदेवांनी आयुष्याची पुढची चोपन्न वर्षे काढली.

या काळातील एक घटना त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. परंपरा सांगते की, नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली. जिवंतपणी ज्याला देवळात पाऊल ठेवू दिले नाही, त्याला मृत्यूनंतर दारापर्यंत आणणे नामदेवांना जमले. दाराच्या आत नेणे त्यांनाही जमले नाही.

घुमान आणि आदिग्रंथ

नामदेवांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग पंजाबात गेला, अशी तेथील दृढ परंपरा आहे. आजच्या गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याचे मानले जाते, तेथे त्यांचे स्मारक आहे आणि माघ महिन्यात जत्रा भरते. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले, ते नामदेवांच्या या नात्यामुळेच.

या नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा लिखित आहे. इ. स. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथाचे संकलन केले. त्यात शीख गुरूंबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद अशा पंधरा भगतांची वाणी आली. नामदेवांची एकसष्ट पदे या ग्रंथात आहेत, आणि ती अठरा रागांत विभागलेली आहेत.

भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला या पदांचे विशेष अप्रूप आहे. त्यांची एकूण भाषा उत्तरेतील संतांची मिश्र बोली आहे. पण मधूनच आनीले, भराईले अशी भूतकालवाचक रूपे येतात. मराठी वाचकाला ती आणिले, भरविले या आपल्या रूपांची भावंडे वाटतात. मात्र थोडे सावध राहायला हवे. हा लकारयुक्त प्रत्यय भोजपुरी, मैथिलीसारख्या पूर्वेकडील भाषांतही आहे, म्हणून केवळ त्यावरून कवीचे मराठीपण सिद्ध होत नाही. शिवाय नामदेवांचा मृत्यू आणि ग्रंथसंकलन यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. तेवढा काळ ही पदे गायकांच्या कंठी होती आणि गाता गाता भाषा बदलते. परंतु ही रूपे बीठल या नामाच्या शेजारी येतात तेव्हा पुराव्याचे वजन वाढते. विठ्ठल हे नाव महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मातीतले आहे. दैनंदिन बोलण्यातली रूपे नव्या प्रदेशात सहज झिजतात, देवाचे नाव झिजत नाही.

ज्यांनी मूर्तिपूजा मानली नाही त्या पंथाच्या ग्रंथात पंढरपूरच्या मूर्तीचे नाव कसे राहिले? त्या पदांत बीठल येथे आहे, तेथे आहे, त्याच्यावाचून जग नाही, अशा अर्थाने हे नाव येते. विटेवरचा विठ्ठल तेथे विटेवर राहिलेला नाही. औंढ्याला पिंडीचे जे झाले, तेच येथे विठ्ठलाचे झाले.

मराठी गाथेबाबत तर आपल्याला अधिकच सावधगिरी बाळगावी लागते. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या आणि इतर नामधारी कवींच्या रचना गाथेत मिसळल्या आहेत. नामदेव पूर्वायुष्यात दरोडेखोर होते, असे सांगणारा आत्मकथनपर अभंगही अशाच वादात सापडला असून बहुतेक अभ्यासक तो आपल्या नामदेवांचा मानीत नाहीत. मलाही तो त्यांचा वाटत नाही. गोणाईचा हट्टी, हळवा मुलगा आणि हा दरोडेखोर यांचा मेळ बसत नाही, हे माझे कारण मात्र पुरावा नव्हे, केवळ मत आहे.

दोन दगड

गूजरी रागातील एका पदात नामदेव विचारतात की, एका दगडावर माणसे भाव ठेवतात आणि दुसऱ्यावर पाय देऊन जातात, हे कसे? पहिला देव असेल तर दुसराही देवच असला पाहिजे. हे पद वाचून मग पंढरपूरला गेलात, तर महाद्वारापाशी तुम्ही थबकाल.

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे इ. स. १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी कुटुंबीयांसह तेथे समाधी घेतली, असे वारकरी परंपरा मानते. दर्शनाला येणाऱ्या संतांचे चरण आपल्या मस्तकी लागावेत म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. शिंप्याच्या मुलाने गाभाऱ्यातली जागा मागितली नाही, ज्यावर पाय पडतात तो दगड मागितला. लोकांनी त्यांची इच्छा मोडली. नामदेव पायरीवर कोणी पाय देत नाही. वारकरी तेथे वाकतो, कपाळ टेकवतो आणि ती ओलांडून जातो. समोर चोखोबांची समाधी आहे.

पंजाबातले भाविक नामदेवांचे देहावसान घुमान येथेच झाले असे मानतात. दोन्ही स्थळी त्यांच्या समाधीचे दर्शन घेतले जाते.

इ. स. १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेड येथे गुरू गोविंदसिंहांनी आपल्यानंतर देहधारी गुरू असणार नाही, ग्रंथच गुरू असेल असे ठरविले. तेव्हापासून तो गुरू ग्रंथ साहिब म्हणून पूजनीय झाला. त्यापुढे नमन करणारा भाविक नामदेवांच्या एकसष्ट पदांपुढेही नमन करीत असतो. नांदेडहून नरसी बामणी फार दूर नाही. पुढच्या सत्रात नकाशा घेऊन नरसी, औंढा, तेर, पंढरपूर, मंगळवेढे, आळंदी, नांदेड आणि घुमान ही आठ ठिकाणे त्यावर दाखवा, आणि प्रत्येकासमोर तेथील नामदेवस्मृती आपल्या शब्दांत लिहा.