आत किती उरलंय?

लेक्चर सुटतं, तुम्ही बॅगेतून स्टीलची बाटली काढता आणि आधी काय करता? हलवून बघता. आतून डुबुक आवाज येतो. म्हणजे पाणी आहे. पण किती? दोन घोट की अर्धी बाटली? झाकण उघडून आत डोळा लावला तरी नुसता काळोख. मागे एका असाइनमेंटला निघाले तेव्हा बाटली हाताला चांगली जड लागली, म्हणून स्टेशनवर पाणी भरलंच नाही. ट्रेनमध्ये बसल्यावर कळलं की जड होती ती बाटली. पाणी तळाला होतं, घोटभर.

आता घरचा गॅस सिलिंडर आठवा. तो कुठपर्यंत भरलाय हे बघायला आई त्याच्यावरून ओलं फडकं फिरवते. आत द्रवरूप गॅस आहे तिथपर्यंतचा पत्रा थंड राहतो, त्यामुळे तेवढा ओलावा उशिरा वाळतो. झाली लेव्हल कळली! मग हीच आयडिया बाटलीवर का चालत नाही? कारण सिलिंडरच्या आतलं तापमान बाहेर समजतं आणि तुमच्या बाटलीने ते समजू द्यायचं नाही, हेच तर तिचं काम आहे. आत पाणी किती आहे हे जी बाटली बाहेरून हात लावल्यावर सांगते, ती इन्सुलेशनच्या परीक्षेत नापास.

म्हणजे ज्या गुणासाठी आपण बाटली घेतो, तोच गुण आतलं सगळं लपवून ठेवतो. हा पेच सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो ज्याच्यामुळे सुरू झाला त्या माणसाची ही गोष्ट. नाव जेम्स ड्युअर. आपण ज्याला थर्मास म्हणतो, त्याचा खरा बाप.

बर्फात पडलेला पोरगा

ड्युअरचा जन्म 20 सप्टेंबर 1842 चा, स्कॉटलंडमधल्या किनकार्डिन गावचा. भावांमध्ये हा सगळ्यात धाकटा. दहा वर्षांचा असताना गोठलेल्या तळ्यावर खेळत होता आणि बर्फ फुटून खाली गार पाण्यात गेला. जीव वाचला, पण त्यातून संधिवाताचा ताप उलटला आणि जवळपास दोन वर्षं त्याला धड चालता येईना. पुढे ज्या माणसाने थंडीलाच बाटलीत भरलं, त्याची थंडीशी पहिली ओळख ही अशी.

घरात बसून करणार काय? गावातल्या सुताराकडे तो व्हायोलिन बनवायला शिकला. लाकूड तासायचं, चिकटवायचं, बारीक हाताने जोडायचं. आपल्या बोटांना प्रयोगशाळेतलं कौशल्य तिथून आलं, असं तो पुढे मानत असे. त्या वयात बनवलेलं एक व्हायोलिन 1921 मध्ये त्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी वाजवलं गेलं!

पंधराव्या वर्षापर्यंत आईवडील दोघेही गेले. शिक्षण मात्र थांबलं नाही. आधी डॉलर अकॅडमी, मग एडिंबरा विद्यापीठ. केमिस्ट्रीवाल्यांनो, तुमच्या पुस्तकात ड्युअर बेंझीन नावाची एक रचना असते ना, तो हाच ड्युअर. 1867 मध्ये त्याने रेणूंच्या रचना दाखवणारं पितळी मॉडेल बनवलं आणि त्या जोरावर त्याला बेल्जियममधल्या गेंटला केकुलेच्या प्रयोगशाळेत एक उन्हाळा काढायला मिळाला. 1875 मध्ये केंब्रिजला प्रोफेसर, 1877 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येही प्रोफेसर. ही दोन्ही पदं त्याने मरेपर्यंत सोडली नाहीत. पण जीव रमला तो लंडनमध्ये.

धरून ठेवायचं कशात?

त्या काळात शास्त्रज्ञांमध्ये एक शर्यत लागली होती. वायू थंड करत करत त्यांचा द्रव कोण करून दाखवतो? 1877 मध्ये फ्रान्सच्या कायेते आणि स्वित्झर्लंडच्या पिक्तेने ऑक्सिजनचं धुकं मिळवलं. 1883 मध्ये पोलंडच्या क्राकोव शहरात व्रॉब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी भांड्यात शांत उभा राहील असा द्रव ऑक्सिजन केला. पाठोपाठ ड्युअरही मैदानात उतरला.

पण द्रव मिळवणं एक आणि टिकवणं दुसरं. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो. त्याच्यासाठी आपली खोली म्हणजे धगधगती भट्टीच. साध्या ग्लासात ओतला की खदखदून उकळतो, काचेवर बाहेरून पांढरं दव गोठतं, आतलं काही दिसत नाही आणि बघता बघता भांडं रिकामं. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी जाहीर व्याख्यानं व्हायची. सुटाबुटातले लोक प्रयोग बघायला दाटीवाटीने बसायचे. त्यांना फिकट निळा द्रव ऑक्सिजन दाखवायचा तर तो शांत आणि स्वच्छ दिसायला हवा.

1892 मध्ये ड्युअरने उत्तर काढलं. वीस वर्षांपूर्वी एका वेगळ्या प्रयोगात त्याने निर्वात पोकळीने वेढलेलं पितळेचं भांडं वापरलं होतं. तीच कल्पना आता काचेत आली. एकात एक अशी दोन काचेची भांडी, तोंडाशी जोडलेली आणि मधली हवा काढून टाकलेली. शाळेतलं आठवा, उष्णता तीन वाटांनी जाते. वहन, अभिसरण, प्रारण. मधे हवाच नाही म्हटल्यावर पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद. ऑक्सिजनची खदखद थांबली आणि बाहेर दवही धरेना. समोरच्या लोकांना आतला निळा द्रव आरपार दिसू लागला.

तिसरी वाट राहिली, प्रारणाची. प्रकाशासारखी उष्णताही पोकळीतून आरामात येते. त्यावर इलाज म्हणजे आरसा. भिंतींना आतल्या बाजूने चांदीचा चकचकीत थर दिला की ती उष्णता परत फिरते. भांडं आणखी भारी झालं. आणि त्याच क्षणी आंधळंही झालं! आत द्रव किती उरलाय ते दिसेना.

तुमच्या-माझ्या बाटलीचा पेच इथे जन्मला.

यातून काढलेली वाट मला फार आवडते. काचेच्या अशा भांड्यांना चांदी चढवताना एक उभी, अरुंद पट्टी मुद्दाम कोरी सोडायची. त्या पट्टीतून थोडी उष्णता आत येणार, थोडा द्रव वाया जाणार. चालेल. पण डोळ्यांना पातळी दिसणार. प्रयोगशाळांमध्ये अशी पट्टीवाली भांडी आजही असतात. तुमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये द्रव नायट्रोजन येत असेल तर सरांना विचारून बघा.

एक पेटंट घेतलं, एक राहिलं

आता ड्युअरच्या आयुष्यातली चटका लावणारी गोष्ट. या भांड्याचं पेटंट त्याने घेतलं नाही. पेटंट म्हणजे काय हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. 1889 मध्ये त्याने आणि फ्रेडरिक एबलने कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू शोधली आणि तिचं पेटंट रीतसर घेतलं. हे आमच्या शोधावर आक्रमण आहे म्हणून आल्फ्रेड नोबेलच्या कंपनीने दावा लावला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1895 मध्ये नोबेलची बाजू हरली. ज्याच्या शोधावरून खुद्द नोबेलशी कोर्टात लढाई झाली, त्या ड्युअरला नोबेल पारितोषिक मात्र कधीच मिळालं नाही. त्याच्या नावाची शिफारस अनेकदा होऊनही.

इकडे बर्लिनमध्ये राइनहोल्ड बुर्गर नावाचा काचेचा कारागीर होता. हे नाजूक भांडं धातूच्या कवचात बसवलं तर घरोघरी चहा-कॉफीसाठी चालेल हे त्याने ओळखलं आणि 1903 मध्ये पेटंट घेऊन टाकलं. पुढच्या वर्षी थर्मॉस हे नाव आलं. उष्णतेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. थंडी टिकवायला जन्मलेल्या वस्तूचं बारसं उष्णतेच्या नावाने झालं! ड्युअर कोर्टात गेला आणि हरला. पेटंट नाही म्हटल्यावर त्याच्या हातात काही नव्हतं. 1904 मध्ये तो सर जेम्स ड्युअर झाला, पण दुकानात विकल्या जाणाऱ्या त्याच्या बाटलीतून त्याला एक पैसाही मिळाला नाही.

स्वतःला मात्र पट्टी नाही

ड्युअर हा माणूस सोपा नव्हता. तापट, संशयी, भांडखोर. 10 मे 1898 रोजी त्याने हायड्रोजन द्रवरूप केला, उणे 253 अंशांच्या आसपास. पुढच्या वर्षी तो गोठवूनही दाखवला. जगात पहिल्यांदा. आता फक्त हेलियम उरला होता. पृथ्वीवर हेलियम 1895 मध्ये वेगळा करून दाखवला होता विल्यम रॅमझेने, तोही लंडनमध्येच, ड्युअरपासून हाकेच्या अंतरावर. हेलियम ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मैत्री ठेवायची, इतकं साधं गणित होतं. पण दोघांमध्ये श्रेयावरून इतकं वाजलं होतं की एकत्र काम करणं शक्यच नव्हतं. ड्युअरला पुरेसा शुद्ध हेलियम जमवता जमवता नाकी नऊ आले.

तेव्हा नेदरलँड्समधल्या लायडेनला हाइके कॅमरलिंग ओनेसचं काम नेमकं उलट्या पद्धतीने चाललं होतं. प्रयोगशाळेत काय चाललंय हे तो नियमित छापायचा. तंत्रज्ञ आणि काचकाम करणारे तयार व्हावेत म्हणून त्याने 1901 मध्ये शाळाच काढली. 10 जुलै 1908 रोजी पहाटेपासून त्याची टीम हेलियमवर लागली. भांडी अर्थातच ड्युअरच्या पद्धतीची. हेलियमच्या भांड्याभोवती द्रव हायड्रोजनचं, त्याभोवती द्रव हवेचं.

संध्याकाळ झाली. तापमान एका आकड्यावर येऊन अडलं होतं आणि भांड्यात काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात तिथे आलेल्या एका सहकारी प्राध्यापकाने सुचवलं की थर्मामीटर कदाचित द्रवातच बुडालेला असेल, खालून उजेड टाकून बघा. उजेड टाकला आणि काचेवर द्रवाची रेघ स्पष्ट उमटली. भांडं जवळजवळ भरलेलं होतं! जगातला पहिला द्रव हेलियम त्यांच्या नाकासमोर साठत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. आत किती आहे हा प्रश्न इतका अवघड असू शकतो.

ओनेसला 1913 चं नोबेल मिळालं. ड्युअर हरला तो बुद्धीत नव्हे. माझ्या मते त्याने स्वतःला चारही बाजूंनी चांदी चढवून घेतली होती. भांड्यांना सोडतात तशी एखादी पट्टी त्याने स्वतःला ठेवली असती, तर कदाचित बाहेरचा उजेड आत पोचला असता.

महायुद्धाच्या काळात पैसा आणि माणसं कमी झाल्यावर तो साबणाच्या फुग्यांच्या पातळ पडद्यांवर प्रयोग करत राहिला. 27 मार्च 1923 रोजी ऐंशीव्या वर्षी गेला, तेव्हाही तो पदावरच होता.

तुमच्या बाटलीचं काय?

ड्युअरचं भांडं आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचलंय. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर मोटारसायकलला जो गोल कंटेनर अडकवून नेतात, तो धातूचा ड्युअरच. आत द्रव नायट्रोजन, उणे 196 अंश. असे कंटेनर आपल्या नाशिकमध्येही बनतात. त्याला खिडकी नाही. मग लेव्हल कशी बघतात? एक पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत धरायची. जिथपर्यंत दव गोठेल तिथपर्यंत नायट्रोजन. सिलिंडरवर फिरवलेल्या ओल्या फडक्याची चुलतबहीणच ही!

स्टीलच्या बाटलीला कोरी पट्टी सोडता येत नाही, कारण स्टील आरपार दिसत नाही. लग्नातल्या कॉफीच्या मशिनला बाजूने काचेची नळी असते, पण तेवढ्या भागातून उष्णता गळते. झाकणातून उतरणारा तरंगता दांडा बसवला तर धुवायची कटकट. झाकणात सेन्सर बसवला तर चार्जिंग आलं. सगळ्यात स्वस्त उपाय वजनाचा. रिकाम्या बाटलीचं वजन एकदा लक्षात ठेवा, त्याच्यावरचा प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर पाणी. मला हे आधी सुचलं असतं तर त्या दिवशी ट्रेनमध्ये घसा कोरडा पडला नसता.

इंजिनिअरिंग आणि डिझाइनवाल्यांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडता ना? हा घ्या. गार पाणी गार ठेवायचं, गरम चहा गरम ठेवायचा आणि किती उरलंय तेही दाखवायचं. थोडं गळणार हे धरून चाला. किती गळू द्यायचं, ते तुम्ही ठरवा. आणि काही जमलं, तर पेटंटचा फॉर्म आधी भरा.