सर डीट्रिख ब्रँडिस

घराची तुळई, देवघराचे दार, आजोबांच्या वेळची पेटी ही सागवानाची असली म्हणजे आपण तिच्याकडे कौतुकाने पाहतो. परंतु सागाचे रान लावावे लागते, राखावे लागते आणि त्याचा जमाखर्चही ठेवावा लागतो, हा विचार आपल्या मनास सहसा शिवत नाही. हिंदुस्थानच्या ब्रिटिश राज्यात हा जमाखर्च शास्त्रशुद्ध रीतीने मांडून दाखविणारे गृहस्थ इंग्रज नव्हते आणि वनविद्येचे पदवीधरही नव्हते. जर्मनीतील बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकविणारे ते एक तरुण पंडित होते. त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले, ते त्यातील एका प्रश्नासाठी: रानात राहणाऱ्या मनुष्यास रानाचा वैरी समजावयाचे, की रानाचा माळी?

डीट्रिख ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसचा राजा ऑटो याच्या दरबारी वडिलांस जावे लागल्यामुळे मुलाच्या बाळपणाचा काही काळ अथेन्समध्ये गेला. पुढे कोपनहेगन, गटिंगेन व बॉन येथे अध्ययन करून १८४९ पासून ते बॉन येथे शिकवू लागले. १८५४ साली त्यांनी रेचल या विदुषीशी विवाह केला. बंगालमधील श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांची ती कन्या. ज्या श्रीरामपुरी १८०५ मध्ये केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले, तेच हे श्रीरामपूर. मराठी वाचकास त्याचे नाव अगदीच परके नाही. या सोयरिकीमुळे ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानी गेले.

डलहौसींस त्या वेळी अशा मनुष्याची निकड होती. १८५२ च्या युद्धानंतर ब्रह्मदेशातील पेगू प्रांत इंग्रजांच्या हाती आला होता. इरावती आणि सितांग या नद्यांच्या मध्ये पेगू योमा नावाची जी डोंगरओळ आहे, तिच्यावर उत्तम साग होता. जहाजांस साग हवा, नव्या रेल्वेच्या स्लीपरांस लाकूड हवे. रंगूनच्या व्यापाऱ्यांची कुऱ्हाड तर परजलेलीच होती. जानेवारी १८५६ मध्ये ब्रँडिस पेगूच्या जंगलांचे अधीक्षक झाले.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती झाडे मोजण्याची. डोंगर तुटलेले, बांबूचे रान निबिड, तापाचा उपद्रव. अशा मुलखात ते हत्तीवर बसून ठराविक वाटेने जात. एका हातात बांबूच्या चार कांबी, दुसऱ्यात चाकू. सागाचे झाड दृष्टीस पडले की त्याच्या घेराप्रमाणे एकेका कांबीवर खाच पाडावयाची. सहा फूट आणि त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात, त्याखालची पुढच्या तीन वर्गांत. दिवसाअखेरीस खाचा मोजल्या की त्या पट्ट्यातील झाडांची वर्गवारी तयार! विद्यार्थ्यांनी ही युक्ती अवश्य ध्यानात ठेवावी. ना मोठे यंत्र, ना मोठा खर्च.

या मोजणीवरून त्यांनी त्रैराशिक मांडले. दुसऱ्या वर्गातील झाडास पहिल्या वर्गात येण्यास सुमारे २४ वर्षे लागतात, असा त्यांचा अदमास होता. तेव्हा पहिल्या वर्गातील झाडांपैकी दरसाल चोविसावा हिस्साच तोडावा, म्हणजे तोडलेल्यांची जागा मागून येणारी झाडे भरून काढतील. मुद्दल राखून व्याजावर निर्वाह करण्याचीच ही रीत नव्हे काय? व्यापाऱ्यांस ती मानवली नाही. त्यांस रान मोकळे हवे होते. ब्रँडिस यांनी मात्र आपला आकडा सोडला नाही.

मोजणी झाली, पण नवा साग लावणार कोण? येथे आम्ही त्यांच्या चरित्रातील मुख्य गोष्टीपाशी येतो. योमाच्या डोंगरात कारेन जातीचे लोक राहत. रानाचा एक तुकडा तोडावा, जाळावा, त्या राखेत भात पेरावे आणि वर्षा-दोन वर्षांनी पुढे सरकावे, ही त्यांची शेती. सह्याद्रीत हिलाच कुमरी म्हणतात. ब्रह्मी भाषेत टाँग्या, म्हणजे डोंगरावरील शेत. या जाळपोळीत सागही जाई, म्हणून कारेन लोकांवर खटले होत. ब्रँडिस यांनी दुसरी वाट काढली. जर्मनीतही तोडलेल्या रानात काही काळ धान्य काढीत त्याबरोबर झाडे लावण्याची जुनी चाल होती. तुम्ही शेत करा, परंतु भाताच्या ओळींत सागही लावा. पीक तुमचे, आणि जितकी रोपे जगतील तितक्यांचे पैसेही तुमचे, असा हा करार होता. शेतकरी पुढे सरके तेव्हा मागे पडीक जमिनीऐवजी सागाची बाग उभी असे. प्रथम लोक बिचकले, परंतु पुढील काही दशकांत याच रीतीने हजारो एकर साग उभा राहिला.

साग लावण्याची कल्पना मुळात ब्रँडिस यांची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मलबारात निलंबूर येथे कलेक्टर कॉनोली व त्यांचे साहाय्यक चातू मेनन यांनी १८४० नंतरच्या दशकातच सागाची लागवड आरंभिली होती. ब्रँडिस यांचे वैशिष्ट्य हे की, ज्याच्या हाती कुऱ्हाड होती त्याच्याच हाती त्यांनी रोप दिले. अर्थात या व्यवहारात कारेन शेतकऱ्याने काही गमावलेही. त्याने लावलेली बाग सरकारी राखीव जंगल होई, आणि ज्या जागी त्याचा नातू पुन्हा शेत करावयाचा, ती जागा कायमची हातची जाई. पैसे मिळाले, जमीन गेली. हा हिशेब कांबीवरील खाचांत मावणारा नव्हता.

१८६४ साली ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ व १८७८ चे वनविषयक कायदे त्यांच्याच कारकिर्दीतले. सर्व जंगल निखळ सरकारच्या मालकीचे करावे, असा बेडन-पॉवेल नामक अधिकाऱ्याचा आग्रह होता. ब्रँडिस यांचे म्हणणे असे की, गावांस स्वतःची जंगले असावीत आणि त्यांनीच ती राखावीत. कूर्गमधील देवराया त्यांनी आदराने नमूद केल्या होत्या. १८७८ च्या कायद्यात ग्रामवनांचे कलम आले खरे, पण ते बहुतांशी कागदावरच राहिले. चराई व सरपण यांवर निर्बंध आले, असंतोष साचला आणि १९३० साली बिळाशी, चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाले. या कायद्याच्या जाचाचा दोष ब्रँडिस यांच्यावर कितपत येतो? आमच्या मते काही अंशी येतोच. ज्या खात्याचा पाया त्यांनी घातला, त्याच खात्याने तो जाच केला.

१८७८ मध्ये डेहराडून येथे वनशाळा निघाली तीही त्यांच्याच खटपटीने. १८८३ साली ते निवृत्त झाले, तरी स्वस्थ बसले नाहीत. वनखात्यात हिंदी लोकांस अधिक जागा द्याव्यात, असे प्रतिपादन त्यांनी १८९७ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या वनखात्याचे पुढे प्रमुख झालेले गिफर्ड पिंशो यांस ते पत्रांतून वर्षानुवर्षे मार्गदर्शन करीत.

अखेरची वर्षे त्यांनी हिंदुस्थानातील वृक्षांवरील ग्रंथास वाहिली. झाडे, झुडपे, काष्ठवेली, बांबू, ताड मिळून सुमारे ४,४०० जातींचे वर्णन त्यात आहे. १९०६ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा ग्रंथकर्त्याचे वय ८२ होते. पुढील वर्षी, २८ मे १९०७ रोजी, बॉन येथेच त्यांचा देहान्त झाला.