मठाच्या बागेतील वाटाणे

महाड-पोलादपूरकडील आमच्या विद्यार्थ्यांस शेतीची ओळख करून द्यावी लागत नाही. भाताचे बियाणे राखताना जाणती माणसे उत्तम लोंब्या निवडून ठेवतात, हे त्यांनी घरीच पाहिलेले असते. परंतु एखादा गुण एका पिढीत दडून पुढील पिढीत पुन्हा का प्रकट होतो? हे कोडे ज्यांनी उलगडले ते ग्रेगोर मेंडेल हेही शेतकऱ्याचेच पुत्र होते. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

मेंडेल यांचा जन्म १८२२ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील एका खेड्यात झाला. बाप्तिस्म्याचे नाव योहान. घरची स्थिती बेताची. त्यात १८३८ साली झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. शिक्षण खुंटण्याची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी राखलेल्या पैशांतील वाटा भावास दिला. हे ऋण ते विसरले नाहीत; पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणास त्यांनी हातभार लावला.

१८४३ साली ते ब्रून शहरातील संत थॉमस यांच्या मठात दाखल झाले व १८४७ साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. मठाधिपतींनी त्यांस व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. तेथे ते पदार्थविज्ञान, गणित व वनस्पतिशास्त्र शिकले. १८५६ साली पुन्हा परीक्षेस बसले, तेव्हाही यश आले नाही. तरीही १८५४ पासून १४ वर्षे ते पक्क्या सनदेवाचून शाळेत शिकवीत राहिले.

त्याच काळात, १८५६ पासून १८६३ पर्यंत, त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले. वाटाण्याचे फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून कळीतील पुंकेसर आधीच काढून ते तीत दुसऱ्या जातीचे पराग घालीत. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा असा संकर केला, तेव्हा सर्व दाणे गोलच आले. ते पेरून आपोआप फळू दिले, तेव्हा ५४७४ दाणे गोल व १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे सुमारे तीनास एक.

याचा अर्थ त्यांनी असा लावला. प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक मातेकडचा व एक पित्याकडचा. प्रभावी घटक दिसतो. अप्रभावी झाकला जातो, पण नाहीसा होत नाही. संकरित झाड पुढील पिढीस दोहोंपैकी कोणताही एक घटक देते. अशा जोड्या चार प्रकारे जुळतात व त्यांपैकी एकीतच दोन्ही घटक अप्रभावी असतात. तेव्हाच सुरकुत्या दिसतात.

१८६५ साली त्यांनी हा निबंध ब्रून येथील विद्वत्सभेत वाचला व १८६६ साली तो छापला गेला; परंतु त्याचे महत्त्व जवळजवळ कोणीच ओळखले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले व कारभारात गुंतले. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचा अंत झाला. १९०० साली तीन शास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमांपाशी पोहोचले, तेव्हा कोठे जगास त्यांची थोरवी कळली.

अप्रभावी म्हणजे हीन नव्हे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत एका दुर्मिळ रक्तगटाची नोंद केली. ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जाणारा हा गटही आईबापांपैकी प्रत्येकाकडून एकेक अप्रभावी घटक आल्यासच प्रकट होतो.

पालकांसही आमची एक विनंती आहे. पित्याचा गट ए, मातेचा बी आणि मुलाचा ओ, हे नियमास धरूनच असू शकते. कारण ओ गटाचा घटक दोघांतही दडलेला असू शकतो. मूल वेगळे निघाले की सुनेकडे बोट दाखविण्यापूर्वी वाटाण्याचा हा धडा आठवावा. आणि परीक्षेत मागे पडलेल्या विद्यार्थ्याने या धर्मगुरूची चिकाटी आठवावी. त्यास पुन्हा पुस्तक उघडण्याचे बळ येईल.