गुरुदत्त यांच्या अपुऱ्या भूमिका

मुलांनो, लैला-मजनूची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. मजनूचे खरे नाव कैस होते, हेही तुम्ही घरी ऐकले असेल. या कैसची भूमिका एका मोठ्या नटाने स्वीकारली होती. चित्रीकरणही सुरू झाले होते. पण ती भूमिका पुरी झाली नाही. त्या नटाचे नाव गुरुदत्त.

गुरुदत्त यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगलोर येथे झाला. बालपण कलकत्त्यात गेले. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांना कॉलेजात जाता आले नाही. अल्मोडा येथे उदय शंकर यांच्या संस्थेत ते नृत्य शिकले. परत आल्यावर काही दिवस त्यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. १९४४ साली ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे देव आनंद यांच्याशी त्यांची ओळख कशी झाली, हे वाचून तुम्हांला हसू येईल. धोब्याने दोघांच्या शर्टांची अदलाबदल केली होती! मग मैत्री जमली. ज्याला आधी संधी मिळेल त्याने दुसऱ्याला बोलवायचे, असे दोघांनी ठरवले. देव आनंद यांनी शब्द पाळला आणि १९५१ साली 'बाज़ी' या चित्रपटाचे दिग्दर्शन गुरुदत्त यांच्याकडे आले.

१९५७ साली 'प्यासा' आला. त्यातील कवीची भूमिका खरे तर दिलीपकुमार यांनी करावी असे ठरले होते. ते आले नाहीत, तेव्हा गुरुदत्त स्वतःच तोंडाला रंग लावून उभे राहिले. दुसऱ्याची राहिलेली भूमिका त्यांच्या वाट्याला आली आणि तीच त्यांची ओळख झाली.

त्याच सुमारास त्यांनी 'गौरी' हा बंगाली चित्रपट हाती घेतला. नायिका होत्या त्यांच्या पत्नी, गायिका गीता दत्त. हा चित्रपट सिनेमास्कोप पद्धतीचा होता. या पद्धतीत खास भिंगाने चित्र फितीवर दाबून घेतात आणि चित्रपटगृहात ते रुंद पडद्यावर पसरवतात. 'गौरी' पुरा झाला असता, तर तो भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट ठरला असता. पण थोड्याच चित्रीकरणानंतर काम थांबले. तो मान पुढे १९५९ साली त्यांच्याच 'कागज़ के फूल'ला मिळाला. तो चित्रपट मात्र चालला नाही. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपले नाव पुन्हा कधी लावले नाही.

'राज़' या चित्रपटाची गोष्टही अशीच आहे. ती विल्की कॉलिन्स यांच्या एका इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. काही रिळे तयार झाली होती. मनासारखे काम झाले नाही, म्हणून गुरुदत्त यांनी ती बाजूला ठेवली. 'प्रोफेसर'ची कथा अबरार अल्वी यांनी लिहिली होती. तोही बेत बारगळला. मग ही कथा दुसऱ्या निर्मात्याने घेतली आणि १९६२ साली शम्मी कपूर यांना घेऊन चित्रपट काढला. तो खूप गाजला! साधना यांच्याबरोबरचा 'पिकनिक'ही अर्धाच राहिला.

हा स्वभाव चांगला की वाईट? तुम्हीच विचार करा. मनाला न पटलेले काम लोकांपुढे न ठेवणे हा प्रामाणिकपणा आहे, यात शंका नाही. पण एक चित्रपट म्हणजे कितीतरी माणसांचे श्रम असतात. शिंपी, सुतार, दिवे धरणारे, वाद्ये वाजवणारे. पडद्यावर काहीच न येता त्यांची मेहनत डब्यात पडून राहते, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटचे दोन चित्रपट मात्र त्यांनी सोडले नव्हते. १० ऑक्टोबर १९६४ रोजी मुंबईत त्यांचे अचानक निधन झाले. वय अवघे ३९ वर्षांचे होते. त्यांच्या स्वतःच्या संस्थेचा 'बहारें फिर भी आयेंगी' तेव्हा अपुरा होता. त्यांची भूमिका धर्मेंद्र यांनी केली आणि १९६६ साली तो प्रदर्शित झाला.

दुसरा चित्रपट म्हणजे 'मुग़ल-ए-आज़म'चे दिग्दर्शक के. आसिफ यांचा 'लव्ह अँड गॉड'. यातच गुरुदत्त कैस होते आणि निम्मी लैला. गुरुदत्त गेल्यावर आसिफ यांनी संजीवकुमार यांना घेतले आणि काम पुन्हा सुरू केले. १९७१ साली आसिफही वारले. फिल्म तशीच पडून राहिली. अखेर आसिफ यांच्या पत्नीने खटपट करून १९८६ साली ती लोकांपुढे आणली. संजीवकुमार ६ नोव्हेंबर १९८५ रोजीच वारले होते. आपला कैस पडद्यावर आलेला त्यांनाही पाहायला मिळाला नाही.