विश्लेषण : ४,११३ किलोमीटर आणि २० तास... अमेलिया इअरहार्ट यांचा अखेरचा टप्पा का चुकला?

दोन बेटांमधील हवाई अंतर नकाशावर सहज मोजता येते. प्रवासाला लागणारा वेळ मात्र वारा, इंधन आणि दिशा यांवर ठरतो. हे गणित थोडेसे हुकल्यास काय होते, हे विख्यात वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्या आयुष्यातून कळते.

कोण होत्या इअरहार्ट?

जन्म २४ जुलै १८९७, अमेरिकेतील कॅन्सस राज्यात. पहिल्या महायुद्धात त्यांनी टोरांटोत जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. १९२१ मध्ये त्या विमान चालवायला शिकल्या. १९२८ मध्ये अटलांटिक हवाईमार्गे ओलांडणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, पण केवळ प्रवासी म्हणून. ही सल त्यांनी १९३२ मध्ये दूर केली. न्यूफाउंडलंड बेटावरून एकटीने उड्डाण करून १४ तास ५६ मिनिटांत त्या आयर्लंड बेटावर उतरल्या. जायचे होते पॅरिसला, विमान उतरले कुरणात. पण जमीन तरी मिळाली.

१९३५ मध्ये त्यांनी होनोलुलू ते ओकलंड हे सुमारे ३,९०० किलोमीटरचे अंतर एकटीने कापले. तेव्हाही समोर अख्ख्या खंडाचा किनारा होता.

अखेरचा टप्पा कोणता?

१९३७ मध्ये विषुववृत्ताच्या आसपासच्या मार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा करताना त्या कराची, कोलकातामार्गे न्यू गिनी बेटावरील ले येथे पोहोचल्या. सुमारे ३५ हजार किलोमीटर मागे पडले होते. पुढचा थांबा होता ४,११३ किलोमीटरवरील हाऊलँड बेट. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरहूनही कमी. तेथील धावपट्ट्या खास या मोहिमेसाठी तयार केल्या होत्या.

वेळेचे गणित कसे बिघडते?

ताशी २४० किलोमीटर वेग धरला तर हे अंतर सुमारे १७ तासांचे. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर तेच साडेवीस तासांचे होते. इंधन मात्र वाढत नाही. शिवाय सुरुवातीपासून दिशेत एका अंशाची चूक राहिली, तर विमान शेवटी सुमारे ७२ किलोमीटर बाजूला जाते.

नेमके काय घडले?

२ जुलैला सकाळी १० वाजता इअरहार्ट आणि दिशादर्शक फ्रेड नूनन यांनी ले सोडले. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा असल्याने हाऊलँडवर ते २ जुलैच्याच सकाळी उतरणार होते. तेथे ‘इटास्का’ हे अमेरिकी तटरक्षक जहाज थांबले होते. आपण बेटाजवळच आहोत, पण ते दिसत नाही आणि इंधन संपत आले आहे, असे त्यांनी रेडिओवर कळवले. आवाज स्पष्ट येत होता. जहाजावरचे बोलणे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. उड्डाणानंतर २० तास १३ मिनिटांनी त्यांचा शेवटचा संदेश आला.

दोन आठवड्यांहून अधिक काळ शोध चालला. विमान सापडले नाही. चाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना त्या बेपत्ता झाल्या. जानेवारी १९३९ मध्ये त्यांना कायदेशीररीत्या मृत घोषित करण्यात आले.

आज काय स्थिती?

आजचे जेट विमान हे अंतर पाच तासांत कापेल, पण निर्मनुष्य हाऊलँडवर वापरण्याजोगी धावपट्टी उरलेली नाही. दूरच्या बेटाकडे निघालेले विमान आजही गरजेपेक्षा जास्त इंधन बाळगते. वाट चुकली तर उतरायला तिथे कुरण नसते.