विष्णुपंत छत्रे

कृष्णा नदीच्या काठी, आजच्या सांगली जिल्ह्यात, अंकलखोप नावाचे गाव आहे. या गावचे विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ओळखले जातात. परंतु त्यांच्या कीर्तीचा पाया तंबूत घातला गेला नाही. तो घातला गेला घोड्यांच्या पागेत.

विष्णुपंतांना दोन गोष्टींचा विलक्षण नाद होता. एक गाणे आणि दुसरा घोडा. या दोन्ही विद्यांच्या ओढीने ते दूर ग्वाल्हेरला गेले. ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी. तेथे हद्दूखाँ यांच्यासारखे थोर गवई होते आणि बाबासाहेब आपटे यांच्यासारखे अश्वविद्येतील जाणकारही होते. हद्दूखाँ यांच्यापाशी विष्णुपंत गाणे शिकले, तर आपटे यांच्यापाशी त्यांनी घोड्याची विद्या संपादन केली. वरवर पाहता या दोन विद्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तथापि सूर काय किंवा घोडा काय, बळजबरीने कोणालाच वश होत नाही. दोहोंनाही रोजचा सराव लागतो आणि अपार धीर लागतो.

घोड्याला चाली शिकविणाऱ्यास मराठीत चाबूकस्वार म्हणतात. नावात चाबूक असला, तरी खऱ्या चाबूकस्वाराचे सामर्थ्य चाबकात नसते. घोडा हा मुळात भित्रा प्राणी आहे. संकट दिसताच पळून जाणे हाच त्याचा बचाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला चोहीकडचे दिसते. मात्र अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून कोणी अचानक आले, की तो बुजतो व लाथ झाडतो. जाणता शिक्षक त्याच्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जातो. तो स्वतः खरारा करतो, मान थोपटतो, चारा भरवितो. मग लांब दोरीवर त्याला मंडलाकार फिरवितो. घोड्याने सांगितलेली गोष्ट केली, की त्याच क्षणी लगाम सैल पडला पाहिजे. उशीर झाला, तर कशाबद्दल शाबासकी मिळाली, हे त्या मुक्या जिवाला उमगत नाही. माराने घोडा वाकेल. पण मारणाऱ्यावर तो कधी विश्वास टाकणार नाही.

ही विद्या घेऊन विष्णुपंत दक्षिणेत परतले आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या अश्वशाळेत काम पाहू लागले. १८७९ साली मुंबईत चियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस आली. तिच्यातील घोड्यांची कामे पाहून लोक थक्क झाले. असली सर्कस काढणे हिंदी माणसाला साधणार नाही, अशा अर्थाचे उद्गार चियारिनीने काढले व तसे करून दाखविणाऱ्यास बक्षीसही जाहीर केले, असे सांगतात. विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले. १८८० साली त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ लोकांपुढे उभी राहिली.

इतक्या थोड्या अवधीत हे कसे साधले? त्याचे उत्तर सर्कशीच्या रिंगणातच आहे. आधुनिक सर्कशीचा प्रारंभ घोड्यापासूनच झाला. इंग्लंडमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या एका माजी घोडेस्वार शिपायाने १७६८ साली घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. घोडा वर्तुळात धावू लागला, म्हणजे त्याच्या पाठीवर उभे राहून तोल सांभाळणे सोपे जाते, हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे ४२ फूट व्यासाचे रिंगण सर्वत्र रूढ झाले. या रिंगणात स्वार जेव्हा पाठीवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती जणू काहीच उरत नाही. घोड्याने एकदा जरी चाल बदलली, तरी स्वार खाली कोसळावयाचा. तेथे माणसाचा जीव घोड्याच्या इमानावर असतो, आणि असे इमान सहा महिन्यांत विकत मिळत नाही. विष्णुपंतांनी ते अनेक वर्षे कष्टून मिळविले होते.

त्यांच्या सर्कशीत ते स्वतः घोड्यांची कामे करीत. त्यांच्या पत्नीही खेळांत भाग घेत. त्या काळी ही गोष्ट असामान्य होती. सर्कस गावोगाव हिंडली, सिंहलद्वीपापर्यंत गेली. केरळातील तलश्शेरी येथे विष्णुपंतांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकांशी पडली आणि त्यातूनच पुढे तेथे सर्कशीचे कलावंत घडविण्याची परंपरा सुरू झाली.

गुरूचे ऋण मात्र विष्णुपंत विसरले नाहीत. हद्दूखाँ यांचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गायक, परंतु व्यसनाने व मनाच्या विकाराने विपन्नावस्थेत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांना आपल्या आश्रयास आणले, सर्कशीबरोबर नेले व मायेने सांभाळले. तेच पुढे ‘भूगंधर्व’ म्हणून विख्यात झाले. बुजलेल्या घोड्यास जवळ करण्यासाठी जो धीर लागतो, तोच खचलेल्या माणसास सावरण्यासाठीही लागतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी विष्णुपंतांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच सर्कशीची धुरा त्यांचे बंधू काशिनाथपंत यांच्याकडे गेली होती आणि पुढे देशात अनेक सर्कशी निघाल्या. धाक दाखविणाऱ्याचा हुकूम त्याच्या पाठीमागे चालत नाही; विश्वास मिळविणाऱ्यास मात्र मुका प्राणीही आपली पाठ निःशंकपणे देतो, हीच गोष्ट विष्णुपंतांच्या चरित्रावरून दिसून येते.