नवखा फ्रँक पहिला आला



गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर सातवीच्या मुलांची बेअरिंगची गाडी मी उतारावर अडवली. मागच्या चाकाचा खिळा ढिला झाला होता. तुम्ही माझ्यावर रुसलात, ठाऊक आहे मला. म्हणून आज तुमच्यासारख्याच एका गाडीवेड्या पोराची हकिकत सांगतो.

त्याचे नाव फ्रँक लॉकहार्ट. जन्म ८ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील डेटन शहरी झाला. वडील लवकर वारले. आई कॅलिफोर्नियात शिवणकाम करून घर चालवी. फ्रँकचे शुद्धलेखन अगदी कच्चे, पण यंत्र हाती आले की गडी तहानभूक विसरे. जुन्या फोर्ड मोटारीचे भाग जुळवून त्याने शर्यतीची गाडी बनवली आणि मातीच्या गोल मैदानांवर ती पळवू लागला.

ही गाडी कशी असते? शंकरपटातला छकडा पाहिलाय ना? वर टप नाही, चाके बाहेर उघडी, बसायला जेमतेम जागा. तशीच ही, फक्त बैलांच्या जागी इंजिन.

अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची मोठी शर्यत होते. तेव्हा तिथला रस्ता विटांचा होता. १९२६ साली फ्रँक तिथे गेला तो बदली चालक म्हणून. कोणी दमला तर त्याची गाडी धरायची, एवढेच काम. पण पीटर क्राइस हा चालक आजारी पडला आणि त्याची मिलर गाडी फ्रँकला मिळाली. वय २३, आणि त्याची तिथली ही पहिलीच शर्यत!

३१ मे १९२६ रोजी तो विसाव्या जागेवरून निघाला. पाऊस आला, विटा निसरड्या झाल्या, शर्यत मध्येच थांबवावी लागली. पण घसरत्या मातीवर गाडी सावरायची फ्रँकला सवय होती. एकेकाला मागे टाकत तो पुढे गेला. ४०० मैल झाले आणि पुन्हा पाऊस! पंचांनी शर्यत तिथेच संपवली. दुसरा आलेला हॅरी हार्ट्झ मुरलेला चालक होता. नवखा फ्रँक त्याच्याही दोन फेऱ्या, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर, पुढे होता.

फ्रँक नुसता चालक नव्हता बरं का. सायकलचा पंप मारताना तो तापतो, हे तुम्ही पाहिले आहे. दाबलेली हवा गरम होते. इंजिनात जाणारी अशी हवा आधी थंड केली तर जोर वाढतो, हे ओळखून त्याने १९२७ साली आपल्या गाडीला हवा थंड करणारे साधन बसवले. त्या दीड लिटरच्या छोट्या इंजिनावर त्याने ताशी २६४ किलोमीटरचा वेग गाठला. आज मोठमोठ्या ट्रकांतही हीच युक्ती असते.

मग त्याला जगातला सर्वांत मोठा वेग गाठायची ओढ लागली. डेटोना येथील समुद्राच्या वाळूवर फेब्रुवारी १९२८ मध्ये त्याची गाडी लाटांत उलटली. लोकांनी त्याला वाचवले. एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. आता तुला सुई हाती धरावी लागणार नाही, असे त्याने आईला कळवले. २५ एप्रिलला आधीच्या फेरीत ब्रेक लावताना एका शिंपल्याने टायर चिरला असावा, असे मानतात. चीर कुणाला दिसली नाही. पुढच्या फेरीत ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास वेग असताना टायर फुटला आणि फ्रँक गेला. वय अवघे २५ वर्षे. आईची सुई काही सुटली नाही.

पोट्टेहो, फ्रँकची हुशारी घ्या, धाडसही घ्या. पण त्या शिंपल्याला विसरू नका. सोमवारी तुमची गाडी शाळेत आणा. खिळा आपण मिळून ठोकू. मात्र चारही चाके फिरवून बघितल्याशिवाय उतारावर जायचे नाही!

— तुमचे गुरुजी